भरल्या गाडीची वाट

धर्मगुरूच्या बदलीला ट्रक लागत नाही. दोन पेट्या, पुस्तकांची चार खोकी आणि एक वळकटी एवढ्यावर आमच्या आजवरच्या साऱ्या बदल्या उरकल्या. भरले घर उचलून दुसऱ्या गावी नेणे म्हणजे काय, हे आम्ही नेहमी दुसऱ्याच्या अंगणात उभे राहूनच पाहत आलो. भंडारा जिल्ह्यात तसे पाहण्याचे प्रसंग पुष्कळ येतात. जवाहरनगरची आयुध निर्माणी, वरठीचा पोलाद कारखाना, गडेगावचा ट्रकांचा कारखाना, तुमसरकडच्या मँगनीजच्या खाणी यांच्या आधाराने परगावची माणसे येथे येतात, तीस-पस्तीस वर्षे राहतात, मुलांना शिकवून मोठी करतात आणि निवृत्तीनंतर क्वार्टरच्या किल्ल्या परत करून निघून जातात. मिस्सेनंतर कोणी जवळ येऊन म्हणते, “फादर, पुढच्या आठवड्यात निघतो आम्ही. सामानाच्या गाडीला आशीर्वाद द्यायला याल ना?”

आशीर्वाद देण्यास आमची कधीच ना नसते. परंतु पवित्र जल शिंपडण्यापूर्वी एक-दोन प्रश्न विचारण्याची सवय आम्ही अलीकडे लावून घेतली आहे. ती का लागली ते सांगावे, म्हणून हा लेखप्रपंच.

आमच्या धर्मग्रामातील एक कुटुंब नुकतेच वसईला परतले. घरधनी निर्माणीतून निवृत्त झालेले, पत्नी, थकलेली आई आणि नोकरीच्या शोधात असलेला थोरला मुलगा असे चौघे. उन्हाळा तोंडावर आला होता. सामान फार नव्हते असे ते म्हणत. प्रत्यक्षात तीन लोखंडी कपाटे, चार पलंग, शिवणयंत्र, घरची वेदी आणि तिच्यावरील पवित्र मरियेची मूर्ती, भंडाऱ्याच्या बाजारात हौसेने जमवलेली पितळेची हंडे-पातेली आणि नातेवाइकांना वाटण्यासाठी चिन्नोर तांदळाची पोती निघाली! त्यासाठी त्यांनी सतरा फुटी गाडी भाड्याने ठरवली होती. मालवाहतूकदाराने ठोक रक्कम सांगितली होती आणि वर वचन दिले होते, की संध्याकाळी गाडी भरा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वसईत उतरवून घ्या.

आम्ही विचारले, “गाडीवर चालक किती?”

“एकच आहे, फादर.”

“मग तो झोपणार केव्हा?”

घरधन्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “पोचल्यावर झोपेल.”

भंडाऱ्याहून वसई सुमारे साडेआठशे किलोमीटर. हातातला फोन हे अंतर क्षणात मोजतो आणि तासांचा आकडाही देतो, परंतु तो आकडा मोटारीचा असतो. मागे अडीच-तीन टन संसार बांधलेला आहे, वळणावर कपाट कलते, उन्हात टायर तापतो आणि चाकामागे बसलेला माणूस कालही रात्रभर गाडी हाकत होता, यातले काहीच फोनला ठाऊक नसते. भरल्या ट्रकचा वेग धाब्याचे थांबे, पथकराच्या रांगा आणि गावे धरून ताशी पन्नासच्या आसपास येतो. म्हणजे सतरा तासांचे काम! एका चालकाने एका दमात करण्याचे हे काम नव्हे. मोटार परिवहन कामगारांच्या कायद्याने १९६१ सालीच दिवसाला आठ तासांची मर्यादा घालून दिली, आणि पाच तासांच्या कामानंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली. पुढे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानेही तासांचा हाच दंडक चालकांसाठी उचलून धरला. रस्त्यावर मात्र तो दंडक किती पाळला जातो, हे कोणत्याही धाब्यावर पहाटे चहा घेताना लालभडक डोळे पाहिले की कळते.

तेव्हा ट्रक भरण्याआधी वाट आखावी असे आम्ही सुचवले. चालकालाच गुरुनिवासात चहाला बोलावले. साकोलीकडचा, चाळिशीतला, मितभाषी गृहस्थ. आमच्या मते अशा बेतात पहिला मान त्याचा असावा. घरात कपाट कुठे ठेवायचे ते गृहिणीला विचारतात, मग गाडी कुठे थांबवायची ते ती हाकणाऱ्याला का विचारू नये? परंतु गाडी ठरवताना वाहतूकदाराशी घासाघीस होते, हमालांशी होते, आणि चालकाचे तोंड गाडी दारात लागल्यावरच दिसते.

जुन्या काळी दोन वाटा होत्या. एक उत्तरेची, ज्या रस्त्याला आम्ही अजूनही ‘सहा नंबर’ म्हणतो ती. २०१० च्या नव्या क्रमवारीत त्याचा ५३ क्रमांक झाला. आपल्या भंडाऱ्यावरून जाणारा हाच महामार्ग नागपूर, अमरावती, अकोला, जळगाव करीत धुळ्याला जातो. तेथून नाशिक आणि कसारा घाट. यातल्याच अमरावती-अकोला टप्प्यात जून २०२२ मध्ये पंचाहत्तर किलोमीटरचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झाले आणि त्याची नोंद गिनेस बुकात गेली. दुसरी वाट मधली: कारंजा, मेहकर, सिंदखेडराजा, जालना, छत्रपती संभाजीनगर अशी. गावे भेटतात, धाबे भेटतात, तसेच बैलगाड्या, बाजार आणि गतिरोधकही भेटतात. पितळेची भांडी आणि मूर्ती घेऊन जाणाऱ्यास गतिरोधकांची गणती आधी करावी लागते.

तिसरी वाट समृद्धी महामार्गाची. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता तुकड्यातुकड्यांनी उघडला. नागपूर ते शिर्डी डिसेंबर २०२२ मध्ये, आणि इगतपुरी ते भिवंडीजवळचे आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. या शेवटच्या टप्प्यात इगतपुरीपाशी जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा आहे, त्यामुळे भरल्या गाडीला कसाऱ्याचा उतार टाळता येतो. कपाटे लादलेली गाडी त्या उतारावर ब्रेक धरीत उतरताना ज्याने पाहिली आहे, त्याला या बोगद्याचे मोल निराळे सांगावे लागणार नाही. भंडाऱ्याहून निघून मौद्याला कन्हान ओलांडली, की नागपूरच्या आत शिरण्याची गरज नाही. बाह्य वळणरस्त्याने जामठ्याकडे जावे आणि शिवमडक्याला समृद्धीवर चढावे. पथकर मात्र जड आहे. दोन आसांच्या ट्रकला मोटारीच्या तिपटीहून अधिक पडतो, हलक्या मालवाहू गाडीला दीडपटीहून अधिक. म्हणून गाडी ठरवतानाच ती कोणत्या वर्गात बसते आणि पथकर भाड्यात धरला आहे की वेगळा, हे विचारून घ्यावे. ‘ठोक’ या शब्दाच्या पोटात पुष्कळ गोष्टी दडलेल्या असतात.

चालकाने रस्ता समृद्धीचाच पसंत केला. परंतु रात्रीच जावे, असा त्याचा आग्रह होता. “रातीलाच बरं जी, फादर. दिवसा टायर तापते, अन् रातीला रस्ता मोकळा भेटते.”

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. हा रस्ता सिमेंट काँक्रीटचा. विदर्भातल्या दुपारी त्यावरून तासन्‌तास धावणारा जुना टायर फुटण्याचा धोका खरा आहे. जड गाड्यांच्या चालककक्षात वातानुकूलनाची सक्ती २०२५ मध्ये आली, तीही नव्याने बनणाऱ्या गाड्यांपुरती. हा गृहस्थ ज्या गाडीत बसणार होता तिच्यात वारा येई तो खिडकीतून, आणि दुपारी तो भट्टीचाच असे. तेव्हा ‘दिवसा जा’ असे खोलीत पंख्याखाली बसून सांगणे आम्हांला शोभले नसते.

परंतु रात्रीचाही एक हिशेब आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्र उलटल्यावर नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस याच महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली आणि पंचवीस माणसे गेली. त्या अपघातास नेमके काय कारण झाले, याचा निवाडा आम्ही करणार नाही. एवढे मात्र प्रत्येक चालक कबूल करतो, की सरळ, रिकामा, एकसुरी रस्ता आणि पहाटेचे दोन ते पाच हे तास एकत्र आले की उघड्या डोळ्यांनीही झोप लागते. जुन्या रस्त्यावर खड्डा तरी जागे करी! आमच्या चालकाने हे ऐकून मान हलवली आणि हळूच म्हटले, “लागते जी कधी कधी. मी मग तंबाखू मळतो.”

त्या तंबाखूच्या चिमटीवर एका घराचा तीस वर्षांचा संसार आणि शेजारच्या आसनावर बसणारा थोरला मुलगा सोपवलेला होता. खुद्द चालकाचेही घर साकोलीकडे वाट पाहत होते. घरधनी त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनीच खिशातून पेन काढले.

बेत ठरला तो असा. रात्री चालकाने झोपायचे आणि सामान त्याच्या झोपेआधी भरून, ताडपत्री घालून, दोरखंड आवळून तयार ठेवायचे. पहाटे चारला निघून नागपूर जागे होण्यापूर्वी वळणरस्ता गाठायचा. अकराच्या सुमारास मेहकरच्या आसपास महामार्गावरून खाली उतरायचे, जेवायचे, झाडाखाली चारपर्यंत पडायचे. समृद्धीवर कडेला गाडी उभी करून झोपणे धोक्याचे आणि नियमाविरुद्धही. म्हणून थांबा घ्यायचा तो आधी ठरवलेल्या फाट्यावर बाहेर पडूनच. पथकर अंतराप्रमाणे असल्याने बाहेर पडून पुन्हा आत आल्याने फारसे बिघडत नाही, हे पुष्कळांना माहीत नसते. संध्याकाळी संभाजीनगर, तेथे रात्रीची पूर्ण झोप. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा प्रस्थान, उन्हे चढण्याआधी इगतपुरीचा बोगदा आणि मग आमणे.

शेवटची पन्नास किलोमीटर मात्र सातशेंहून अवघड. ठाणे-भिवंडीच्या बाजूस जड वाहनांना गर्दीच्या वेळी बंदी असते आणि तिच्या वेळा बदलत राहतात. त्या आदल्या दिवशी फोन करून विचारून घ्यायच्या, बंदी असेल तर आमण्यापाशीच चहा घेत बसायचे. घोडबंदरमार्गे गेल्यास ठाण्याची गर्दी आणि गायमुखचा चढ. म्हणून अंजूरफाटा, कामण, चिंचोटी हा रस्ता धरला. त्याच्या खड्ड्यांची कीर्ती वसईकरांना आम्ही काय सांगावी! परंतु खड्ड्यांतून सावकाश जाता येते.

आणि अगदी शेवटची दोनशे पावले? वसईच्या आळ्या बैलगाडीच्या मापाने झालेल्या. दोन्हीकडे कुंपणे, वर आंब्याची फांदी, विजेची तार, वळणावर विहीर. तेथे सतरा फुटी गाडी शिरणार नाही, शिरलीच तर निघणार नाही. भंडाऱ्यात बसून हे ध्यानात येत नाही, ते आले घरच्या थकल्या आईंच्या. “अरे, आपल्या आळीत लग्नाची बस येत नव्हती, तुमचा ट्रक कसा येईल?” असे त्या म्हणाल्या, आणि वसईच्या पुतण्याला छोट्या टेम्पोची सोय करून ठेवण्याचा निरोप गेला.

कागदपत्रांचा घोर थोडका होता. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही. वस्तूंची यादी, मालवाहतूकदाराची बिल्टी आणि निवृत्तीच्या पत्राची प्रत एवढे मुलाजवळ दिले. बाकीचे तिघे वरठीच्या भंडारा रोड स्थानकावरून विदर्भ एक्सप्रेसने जाणार होते.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि सारे अडले ते तेथेच. वाहतूकदार म्हणाला, एका दिवसाचे दोन दिवस झाले तर गाडी अडकून पडते, जादा भाडे लागेल. चालकाला खेपेमागे पैसे मिळत; थांबला तर त्याचाच तोटा. निवृत्तीच्या पैशातून वसईचे कौल बदलायचे, आईंचे औषधपाणी पाहायचे, अशा वेळी झोपेसाठी वेगळे पैसे मोजणे घरधन्यांना जड जात होते, आणि त्यात आम्हांला काही वावगे वाटले नाही.

त्या संध्याकाळी त्यांच्या घरी रोझरीनंतर आम्ही तोबीताच्या ग्रंथाची आठवण काढली. आंधळा तोबीत आपल्या मुलाला दूर मेदियाला धाडतो तेव्हा सोबत्याला आधी विचारले जाते, तुला तिकडची वाट ठाऊक आहे काय? आणि मग त्याची मजुरी ठरते ती दिवसाच्या हिशेबाने, मुलाच्या खर्चाइतकाच खर्च त्यालाही, आणि सुखरूप परतल्यास वर आणखी काही. तो सोबती देवदूत राफाएल आहे, हे तोबीताला ठाऊक नसते. तो एका भाड्याच्या वाटाड्याशी बोलत असतो. सेमिनरीत असताना या व्यवहाराकडे आम्ही कधी लक्ष दिले नव्हते. तेव्हा सारे लक्ष माशाच्या पित्ताकडे असे. दिवसावर मजुरी ठरली, की वाटाड्याला धावण्याचे कारण उरत नाही.

घरधनी काही बोलले नाहीत. त्यांच्या पत्नी आत गेल्या आणि पितळेचा एक मोठा हंडा घेऊन बाहेर आल्या. “हा तरी तिकडे कुठे ठेवणार आपण?” असे म्हणाल्या. हंडा बाजारात गेला. आणखी थोडी भर घरधन्यांनी घातली. दुसऱ्या दिवसाचे भाडे वाहतूकदाराला आणि दोन दिवसांचा जेवणखर्च चालकाच्या हाती वेगळा, असे ठरले.

पहाटे चारला आम्ही पवित्र जल घेऊन गेलो तेव्हा चालक हातोडीने टायर ठोकून पाहत होता. झोप झालेली दिसत होती.

तिसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला. संभाजीनगरला पोचायला रात्रीचे आठ झाले. दुसऱ्या दिवशी भिवंडीत दोन तास अडकलो. आळीच्या तोंडाशी ट्रक उभा करून टेम्पोच्या चार खेपा झाल्या. मूर्ती शाबूत, एका कपाटाचा आरसा तडकला. चालक त्या रात्री त्यांच्याच ओट्यावर झोपला, सकाळी आईंनी त्याला जेवू घातले, आणि भिवंडीच्या गोदामातून नागपूरचा माल मिळाला म्हणून तो दुपारी निघाला.

“एकटाच?” आम्ही विचारले.

“हो, फादर. संध्याकाळी संभाजीनगरला थांबतो म्हणाला.”