पडल्यानंतरची उडी

कोणताही खेळ शिकू लागलेल्या मुलाचे प्रथम दिसते ते पडणे. आमच्या बंगळूर शहरात जिम्नॅस्टिक्सच्या वर्गाबाहेर बसणारे आम्ही पालक, "हे तिला झेपेल ना?" असे एकमेकांना विचारीत असतो. अशा वेळी मला त्रिपुरातील दीपा कर्माकर आठवते. तिचे तळवे सपाट होते. आणि उडीनंतर जमिनीवर स्थिर उभे राहण्यास तळव्याची कमान उपयोगी पडते. तिचे गुरू विश्वेश्वर नंदी यांनी दीर्घकाळ व्यायाम करवून या उणिवेवर मात केली. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये हवेत पुढे दोन कोलांट्या घेणारी प्रोदुनोव्हा ही अवघड उडी तिने मारली. कांस्यपदक अवघ्या ०.१५० गुणांनी हुकले. पुढे गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. उत्तेजक द्रव्याच्या चाचणीत दोषी ठरल्याने २१ महिन्यांची बंदीही आली. तरीही २०२४ साली, तीस वर्षांची असताना, ताश्कंद येथे तिने आशियाई सुवर्णपदक मिळविले आणि मगच निवृत्ती घेतली.

वाचकहो, आपल्या साऱ्याच मुली ऑलिंपिकला जाणार नाहीत. परंतु पडून आलेल्या मुलीला घरी कोणते शब्द ऐकू येतात, यावर ती उद्या वर्गाला जाईल की नाही, हे पुष्कळदा ठरते. दुखापत असेल तर डॉक्टरांचा सल्ला आणि पुरेशी विश्रांती हवीच. मात्र केवळ पदक हुकले म्हणून खेळ सोडवू नये. "किती गुण मिळाले?" याआधी "आज नवे काय जमले?" असे विचारून पाहावे.