दोन वचने

परदेशी गेलेल्या मुलाचा विवाह तिकडच्याच नागरिकाशी ठरला, की आपल्या घराघरांतून दोन उद्गार ऐकू येतात. आई म्हणते, ‘लेकरू आता हाती लागत नाही.’ शेजारी म्हणतात, ‘सुटला बिचारा, तिकडचाच झाला!’ दोहोंमागे समजूत एकच : नागरिकाशी लग्न झाले म्हणजे कायम वास्तव्याचे दार आपोआप उघडते. ही समजूत प्रत्येक वेळी खरी नसते.

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या धर्मग्रामातला एक तरुण डॉक्टर पदव्युत्तर प्रशिक्षणासाठी अमेरिकेला गेला. तेथील एका कॅथलिक तरुणीशी त्याचा विवाह ठरला, तेव्हा त्याने माझ्याकडे स्नानसंस्काराचा नवा दाखला आणि तो विवाहास मोकळा असल्याचे पत्र मागितले. दाखला न्यायला आलेले वडील मात्र गोंधळात होते. लग्नानंतरही दोन वर्षे भारतात येऊन राहावे लागेल, असे मुलाने फोनवर सांगितले होते. ‘फादर, बायको तिथलीच, मंग त्याले कोन परत धाडते?’ हा त्यांचा प्रश्न.

मुलगा ‘जे-१’ या व्हिसावर गेला होता. हा विनिमयाचा व्हिसा. विद्या घ्यावी आणि ती मायदेशी न्यावी, ही त्यामागची कल्पना. परतीची दोन वर्षांची अट अमेरिकेने १९५६ साली कायद्यात आणली आणि १९६१ च्या फुलब्राइट-हेज कायद्याने ती पुढे चालू ठेवली. ती सर्वांनाच लागू नाही. सरकारी खर्चाने गेलेले, मायदेशाला निकड असलेल्या कौशल्यांच्या यादीत बसणारे आणि वैद्यकीय पदव्युत्तर प्रशिक्षण घेणारे, यांना ती बांधते. डिसेंबर २०२४ मध्ये त्या यादीतून भारताचे नाव वगळण्यात आले. त्यामुळे पुष्कळ भारतीय अभ्यासक मोकळे झाले, पण डॉक्टर नाहीत. ज्याला अट लागू आहे, त्याने ती पाळल्याशिवाय किंवा ती माफ झाल्याशिवाय त्याला ग्रीन कार्ड मिळत नाही. मग पत्नी नागरिक का असेना.

डॉक्टरांविषयीची एक गोष्ट मला विशेष वाटली. तो जाण्यापूर्वीच आपल्या आरोग्य मंत्रालयाला लेखी द्यावे लागते की, या विषयाच्या डॉक्टरांची देशाला गरज आहे. आणि डॉक्टरही परत येण्याचे लेखी आश्वासन देतो. म्हणजे वेदीपुढे वचन देण्याआधीच त्याने एक वचन दिलेले असते.

माफीच्या वाटा आहेत. नागरिक असलेल्या पत्नीला किंवा अपत्याला असाधारण हाल सोसावे लागतील, हे सिद्ध करावे लागते. तेही दोन्ही परींनी, ती पतीबरोबर भारतात आली तर आणि मागे एकटी राहिली तरी. ताटातुटीचे नेहमीचे दुःख तेवढ्यासाठी पुरत नाही. दुसरी वाट १९९४ साली निघाली : डॉक्टरांची टंचाई असलेल्या अमेरिकेतील भागात तीन वर्षे सेवा करावयाची. आज प्रत्येक राज्याला त्यासाठी दरवर्षी ३० जागा मिळतात.

ही दुसरी वाट कळली तेव्हा माझे मन आमच्या जिल्ह्याकडे धावले. २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन येथील वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले. यवतमाळच्या शासकीय रुग्णालयातील खाटा त्या दिवसांत अशा रुग्णांनी भरल्या होत्या. टंचाईचा भाग म्हणजे काय, हे आम्हांला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

तरीही धर्मगुरू या नात्याने मला आधी विवाहाचाच विचार करणे भाग होते. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेनुसार भविष्यातील एखाद्या गोष्टीची अट घालून केलेला विवाह वैध ठरत नाही. ‘कार्ड मिळाले तर मी तुझा’ असे वेदीपुढे म्हणता येत नाही; आणि मनातून विवाहच नाकारून केवळ कागदासाठी दिलेली संमती ही संमतीच नव्हे. म्हणून मी त्याला एवढेच लिहिले, ‘अट माफ झाली नाही तर काय, हे तुम्ही दोघांनी लग्नाआधी बोला.’

ते बोलले. ती यवतमाळला यायला तयार होती. सासूचे बोट धरून बेथलेहेमला आलेली मवाबी रूथ मला आठवली. पण तिची आई अंथरुणाला खिळलेली होती आणि तिला दुसरे कोणी नव्हते. अखेर दोघांनी तीन वर्षांच्या सेवेची वाट निवडली. हे सांगायला वडील आले तेव्हा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘तिथल्या खेड्यातला मानूसबी बिमार पडतेच ना, फादर.’

त्या वाक्यातील मोठेपणापुढे मी काही बोललो नाही. कायद्याच्या दृष्टीने मुलाचे ऋण तीन वर्षांत फिटेल. या मातीचे फिटेल की नाही, हे त्याचे त्यालाच ठरवावे लागेल.

पालकांना माझी विनंती एवढीच. मुलांच्या विवाहाची बोलणी सुरू झाली, की तारीख आणि हॉल यांच्याआधी व्हिसावर काय लिहिले आहे ते विचारा. शंका असल्यास जाणकार वकिलाचा सल्ला घ्या. आणि ज्या मुलीला सून म्हणून घरात घेणार, तिलाही ते ठाऊक आहे ना, याची खात्री करून घ्या.