गिटारची घरघर

‘घरघर’ हा शब्द आमच्या भाषेंत फारसा शुभ मानलेला नाहीं. एखाद्या संस्थेस किंवा माणसास घरघर लागली असें म्हटलें, कीं पुढचें कांहीं सांगावें लागत नाहीं. गेल्या आषाढांत आमच्या डोंबिवलीच्या घरीं ही घरघर प्रथम ऐकूं आली तेव्हां ती कोणा माणसाच्या घशांतली नसून आमच्या कन्येच्या विजेच्या गिटारमधली होती, एवढेंच काय तें समाधान.

आम्ही पदार्थविज्ञानाचे अध्यापक. १८३१ सालीं फॅरडेनें विद्युत्-प्रवर्तनाचा शोध लावला, ही हकीकत आम्ही गेलीं अठ्ठावीस वर्षें वर्गांत सांगत आलों आहों. परंतु तारेस डाग देण्याची तापती कांडी हातांत धरण्याचा प्रसंग आमच्यावर कधीं आला नव्हता. तें काम प्रयोगशाळेंतील सहायकाचें. मात्र विजेची गिटार हें फॅरडेच्याच शोधाचें अपत्य आहे, हें कन्येस ऐकविण्याची संधि आम्हीं कधीं दवडली नाहीं. लोहचुंबकाभोंवतीं तांब्याच्या बारीक तारेचे हजारों वेढे द्यावे व त्यावर पोलादी तार छेडावी. तार थरथरली कीं वेढ्यांतहि तसाच चिमुकला प्रवाह थरथरतो. अमेरिकेंत जॉर्ज बीचम यास अशा गिटारचें पेटंट १९३७ त मिळालें. परंतु तारेचा आवाज कोणता आणि भिंतींतल्या विजेचा कोणता, हा विवेक त्या वेढ्यांना नसतो. आपल्याकडील वीज सेकंदास ५० आवर्तनें करते. ती वेढ्यांत शिरली म्हणजे पेटींतील पांढरी पांचच्या किंचित् वर असा एक खर्जांतला सूर अखंड लागून राहतो. अमेरिकेंत आवर्तनें ६०. तेव्हां तिकडील घरघरीची पट्टीहि निराळी.

आमचें पहिलें निदान भारदस्त होतें. घर रुळांपासून हांकेच्या अंतरावर. आणि पूर्वी ज्या लोकलगाड्या १,५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर धांवत, त्या आतां २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहावर धांवतात. दोष त्या विजेचा, असा निकाल आम्हीं जेवतां जेवतां दिला. कन्या खिडकींत बसून राहिली आणि अर्ध्या तासानें म्हणाली, “बाबा, गाडी येवो कीं जावो, आवाज तेवढाच आहे. शिवाय आषाढ लागेपर्यंत गाड्या नव्हत्या कां?” मग तिनें आमचेंच वाक्य आमच्यापुढें ठेवलें: एका वेळीं एकच गोष्ट बदलावी आणि काय होतें तें पाहावें.

दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं चौकशी रीतसर सुरू झाली. गिटारवरील आवाजाची कळ शून्यावर आणली, घरघर थांबली. म्हणजे ध्वनिवर्धक निर्दोष. रोग गिटारच्या पोटांत. पंख्याचा रेग्युलेटर बंद केला. घरघरीची धार गेली, पण मूळ कायम. गिटार घेऊन कन्या जागच्या जागीं फिरली, तेव्हां एका दिशेस आवाज वाढे व दुसरीकडे उतरे. एकेरी वेढ्यांचा हा जातिधर्मच. त्यावर उपाय म्हणून गिब्सन कंपनींतील सेथ लव्हर यानें १९५५ त परस्परविरोधी वेढ्यांची जोडी योजिली, परंतु आमच्या कन्येच्या गिटारमध्यें ती नव्हती.

शेवटची कसोटी स्पर्शाची. माणसाचें शरीर हेंच एक एरियल असतें. भिंतींतील वीज तें टिपतें आणि वेढ्यांच्या पदरांत घालतें. म्हणून गिटारच्या तारा घोडीमार्फत एका वायरीनें आंतील अर्थिंगला जोडलेल्या असतात. बोट तारेस लागलें कीं वादकाचें शरीरहि त्या मुक्या बाजूस जाऊन मिळतें व आवाज बसतो. कन्येनें तारांवर हात ठेवला. कांहीं फरक नाहीं. केबल जेथें खोंचतात त्या धातूच्या तोंडास बोट लावलें. आवाज खालीं आला. तारा आणि तें तोंड यांच्यामध्यें कोठेंतरी मार्ग तुटला होता.

मागचें झांकण उघडलें. स्प्रिंगा धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्टीवर एक काळी वायर डाग देऊन बसविलेली दिसली. आमची नजर तिच्यावरून दोनदां गेली. ‘ही ठीक आहे’ असें आम्हीं म्हटलेंहि. कन्येनें ती चिमट्यानें हलकेंच ओढली, तों ती सुटून आली. डाग पट्टीवर नुसता बसला होता. त्यानें पट्टी धरली नव्हती. पट्टी खरवडून व नीट तापवून तिनें नवा डाग दिला. आम्हीं झांकणाचे स्क्रू सांभाळले.

घरघर बसली. कन्येनें दोन सुरावटी वाजविल्या आणि हात झटकून ती म्हणाली, “बाबा, बोटांना मुंग्या येताहेत.”

बाहेर पाऊस होता, फरशी ओलसर होती, आणि मुलीच्या पायांत कांहीं नव्हतें. आम्हीं धांवत जाऊन बटण बंद केलें. ध्वनिवर्धकाच्या प्लगला पिना तीन, भिंतींतल्या जुन्या सॉकेटला भोंकें दोन. मध्यें एक पांढरा कन्व्हर्टर होता, आणि तिसऱ्या पिनेची वाट तेथेंच संपली होती. तो कन्व्हर्टर आणला कोणीं? आम्हींच. आमच्या बातम्यांत व्यत्यय नको म्हणून आषाढाच्या आरंभीं कन्येचें बिऱ्हाड दिवाणखान्यांतून आंतल्या खोलींत हलविलें, तेव्हां बाजारांतून आणून आमच्याच हातानें बसविला होता. त्याच हलवाहलवींत गिटार पडली होती.

मग सारा हिशेब लागला. वायर सुटलेली होती तोंवर तारा कशासच जोडलेल्या नव्हत्या. ती सांधून आम्हीं मुलीचीं बोटें जमिनीशीं नव्हे, तर जमीन हरवलेल्या त्या पेटीशीं जोडलीं होतीं. मुंग्या आणणारा प्रवाह अल्प होता. पेटींतील एखादें आवरण फुटलें असतें तर तो अल्प राहिला नसता. १९७२ सालीं स्वान्सी येथें लेस्ली हार्वी ह्या स्कॉटिश गिटारवादकाचा अंत रंगमंचावरच झाला; गिटार हातांत असतांना त्यानें अर्थिंग नसलेला मायक्रोफोन धरला होता. ही गोष्ट आम्हांस ठाऊक होती. त्या रात्रीं झोंप आली नाहीं ती त्यामुळेंच.

सकाळीं वायरमन आला. दिवाणखान्याच्या बोर्डापासून त्यानें हिरवी वायर ओढली, तीन पिनांचें सॉकेट बसविलें आणि टेस्ट लँप पेटवून खात्री करून दिली. कन्व्हर्टर हातांत घेऊन त्यानें विचारलें, “सर, हा कोणी लावला होता?” आम्ही उत्तर देण्यापूर्वींच कन्या म्हणाली, “जुना आहे, काका.” आमच्या अब्रूवर इतक्या हलक्या हातानें झांकण आजवर कोणीं घातलें नव्हतें.

त्याच खोलीच्या कोपऱ्यांत आमच्या आईचा मिरजेचा तंबोरा असतो. जवारी लागत नसली कीं ती घोडीवर तारेखालचा दोरा मागें-पुढें सरकवीत बसे, आणि ती गुंजन करणारी झणझण सांपडली म्हणजेच तिचा चेहरा खुले. एका वाद्यांत जें आणण्यासाठीं एवढा खटाटोप, तसलेंच दुसऱ्यांतून घालविण्यासाठींहि तेवढाच! पण जवारी तारेच्या पोटची, घरघर परक्याची. परक्यास बाहेर काढण्याच्या भरांत घरच्या माणसास कोठें नेऊन बांधतों, हें मात्र पाहावें लागतें.

तो कन्व्हर्टर आम्हीं फेंकला नाहीं. ह्या वर्षीं फॅरडेच्या पाठोपाठ अर्थिंग शिकवितांना तो टेबलावर ठेवणार आहों. कोणीं लावला होता, असें विद्यार्थ्यांनीं विचारलें, तर खरें उत्तर देण्याचा विचार आहे.