हलका ताप, बारीक पुरळ

बाळंतपणं घरी होत तेव्हा दाई बाळाइतकंच लक्ष वारेकडे देई. वार पुरी पडली का, एखादा तुकडा आत तर राहिला नाही ना, हे ती उजेडात धरून बघे. मग वार पुरली जाई आणि विषय तिथेच संपे. मराठीत वार, आपल्या घरांत आंवल, हकिमांच्या किताबांत मशीमा, शाळेच्या पुस्तकात अपरा. आम्ही उर्दू-मराठी शिकवणाऱ्या बाया, शब्द चार ठाऊक. पण ही वार नऊ महिने आत करते काय, हे आम्हाला समजलं ते शाळेत आरोग्य तपासणीला येणाऱ्या डॉक्टरबाईंकडून.

वार आईच्या अंगात असली तरी ती मुख्यतः बाळाच्याच बीजापासून वाढते. पूर्ण दिवसांची वार साधारण अर्धा किलो भरते. आईचं रक्त आणि बाळाचं रक्त तिथे शेजारी शेजारी वाहतं, पण मिसळत नाही. मध्ये पातळ पडदा असतो. अन्न आणि ऑक्सिजन इकडून तिकडे जातात, टाकाऊ द्रव्यं तिकडून इकडे येतात. या पडद्याच्या वरच्या थराची खुबी अशी की त्यात पेशी-पेशींमध्ये सांधेच नाहीत, सगळा एकसंध. सांधा नसला की शिरायला फट मिळत नाही. म्हणून गरोदर बाईला साधी सर्दी झाली तर ती सहसा बाळापर्यंत पोहोचत नाही. सुनेला शिंक आली की घर डोक्यावर घेणाऱ्या सासूबाईंनी एवढं जरूर लक्षात ठेवावं. अर्थात ताप अंगावर काढू नये, ते वेगळं.

काही विषाणू मात्र या पडद्याला जुमानत नाहीत. कोरोनाने काही बायांमध्ये वारच निकामी केली. वारेत गाठीसारखं द्रव्य साचलं, ती कडक झाली आणि विषाणू बाळापर्यंत न पोहोचताही बाळाचा ऑक्सिजन तुटला. जुलै २०२१ मध्ये सरकारने गरोदर स्त्रियांसाठी लस खुली केली, त्यामागे आई आणि बाळ दोघांची काळजी होती. पण आम्हाला आज लिहायचं आहे ते रुबेलाविषयी, कारण तो आमच्या वर्गापर्यंत आलेला विषय आहे.

रुबेला म्हणजे जर्मन गोवर. हलका ताप, अंगावर बारीक पुरळ, कानामागे गाठी. तीन-चार दिवसांत सगळं साफ. अनेकांना पुरळही येत नाही. मुलाला झाला तर कोणी दवाखान्यातही नेत नाही. हाच आजार बाईला पहिल्या तीन महिन्यांत झाला तर विषाणू वारेत शिरतो, तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला धरतो आणि तिथून बाळाच्या रक्तात उतरतो. त्याच दिवसांत बाळाचे डोळे, कान, हृदय घडत असतात. या काळातल्या लागणीत दहापैकी आठ-नऊ बाळांना इजा होऊ शकते: मोतीबिंदू, बहिरेपण, हृदयाचा दोष. कधी गर्भच पडतो. पाचव्या महिन्यानंतर हा धोका फार कमी होतो.

हे जगाला कळलं १९४१ मध्ये. ऑस्ट्रेलियात सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्यासमोर जन्मजात मोतीबिंदूची बाळं एकापाठोपाठ येऊ लागली. त्यांनी आयांना विचारलं. ७८ बाळांपैकी ६८ जणांच्या आयांनी सांगितलं की दिवस गेल्यावर रुबेला होऊन गेला होता. सगळा शोध उभा राहिला तो आयांच्या आठवणीवर! पुढे १९६४-६५ मध्ये अमेरिकेत मोठी साथ आली आणि सुमारे २०,००० बाळं हा दोष घेऊन जन्मली. १९६९ मध्ये तिथे लस आली.

आमच्या मोहल्ल्यात एक मुलगा आहे. कानाला यंत्र, हृदयावर लहानपणी शस्त्रक्रिया. त्याच्या अम्मीला दुसऱ्या महिन्यात अंगावर पुरळ आलं होतं, जेठानीच्या मुलाकडून. गर्मीचं असेल म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. देऊनही फारसा उपयोग नव्हता म्हणा, एकदा लागण झाली की पोटातल्या बाळाला वाचवणारं औषध नाही. लोक मात्र तिलाच विचारत राहिले, ग्रहणात बाहेर गेली होतीस का.

राज्यात गोवर-रुबेला लसीची मोहीम २७ नोव्हेंबर २०१८ ला सुरू झाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांच्या आतल्या प्रत्येक मुलामुलीला एक टोचणी, शाळेतच. आदल्या रात्रीपर्यंत मोबाइलवर फिरत होतं की या सुईने मुली पुढे आई होणार नाहीत. त्या दिवशी आमच्या वर्गातली कितीतरी बाकं रिकामी राहिली. काहींच्या हातात वडिलांची चिठ्ठी होती, 'आमच्या मुलीला देऊ नये.' आम्ही घरोघर गेलो. इमामसाहेबांनी जुम्याला समजावलं. बऱ्याच मुली परत आल्या, काही आल्याच नाहीत. पुढे होणाऱ्या लेकरांना जपणारी सुई, आणि अफवा नेमकी उलटी! पालकांवर आमचा राग नाही; पोरीच्या काळजीपोटीच त्यांनी चिठ्ठी लिहिली होती. अफवा पसरवणाऱ्यांवर आहे.

त्या मुली आता निकाहाच्या वयाच्या झाल्या. इथे एक अडचण आहे, ती नीट समजून घ्यावी. पूर्वी बहुतेक मुलींना रुबेला लहानपणीच होऊन जायचा आणि त्या आयुष्यभरासाठी सुरक्षित व्हायच्या. लसीमुळे आजूबाजूचा आजार कमी झाला. त्यामुळे जिने लस घेतली नाही ती कदाचित आजार न होताच मोठी झाली. तिला ना लसीचं कवच, ना आजाराचं.

उपाय अवघड नाही. रक्ताच्या तपासणीत कळतं की शरीरात रुबेलाविरुद्ध शक्ती आहे की नाही. नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने लस घ्यावी आणि पुढे एक महिना दिवस जाऊ देऊ नयेत. गरोदर असताना ही लस देत नाहीत. बाळंतपणानंतर, अंगावर पाजत असतानाही चालते. गरोदर बाईला पुरळ दिसलं, किंवा पुरळ आलेल्या मुलाचा सहवास घडला, तर डॉक्टरांना आधी फोन करावा, दवाखान्याच्या गर्दीत इतर गरोदर बायांमध्ये जाऊन बसू नये. आणि घरातल्या बाळांच्या दोन मात्रा, नवव्या महिन्यानंतरची आणि दीड वर्षाच्या सुमाराची, चुकवू नयेत. सरकारी केंद्रात त्या मोफत असतात.

आम्ही सध्या जुन्या हजेरीपटांवरून नावं काढून घरी जातो. बहुतेक आया ऐकून घेतात. परवा एकीने मात्र दार अर्धं लोटूनच म्हटलं, "बाजी, बात पक्की झालीय फक्त. आत्तापासून पोरीपुढे दिवसांच्या गोष्टी कशा काढायच्या?" तिचा संकोच खोटा नव्हता. मुलीची खाला आमचीच विद्यार्थिनी, दोघींचं मैत्रिणींसारखं आहे. हे काम आम्ही तिच्यावर सोपवलंय. निकाह शव्वालमध्ये आहे, अजून तीन महिने हातात आहेत.