परण्यांतलें गाणें

गाण्याशीं आमचें वैर नाहीं. परंतु मोठ्यानें वाजणाऱ्या गाण्याशीं आमची मैत्रीहि कधीं जमली नाहीं. नांदेडास आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर दोन मंगल कार्यालयें आहेत, आणि तुळशीचें लग्न लागलें कीं आमची झोप परस्वाधीन होते. खिडक्यांचीं तावदानें थरथरूं लागतात, फडताळांतल्या बशा एकमेकींशीं कुजबुजूं लागतात, आणि आम्ही कानांवर उशी घेऊन मानवजातीच्या भवितव्याविषयीं निराश विचार करीत पडून राहतों. अशा रात्रीं जीं गाणीं आमच्या इच्छेविरुद्ध आम्हांला पाठ झालीं, त्यांत पहिला मान 'झिंगाट' या गाण्याचा. २०१६ सालापासून त्यानें आमची एकहि लग्नसराई मोकळी सोडलेली नाहीं. असें असून आज आम्ही त्याच गाण्याविषयीं लिहावयास बसलों आहों, याचें आमच्या स्नेह्यांस नवल वाटेल. परंतु ज्याचा आपण मनापासून राग करतों, तो कधीं कधीं आपला ऋणको नसून धनको असतो, हें आम्हांला जरा उशिरां कळलें.

हें गाणें ज्या 'सैराट' नामक चित्रपटांतलें, तो २९ एप्रिल २०१६ रोजीं प्रदर्शित झाला. त्याच महिन्याच्या १२ तारखेस मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी लातुरास येऊन पोंचली होती. दहा वाघिणी आणि सुमारें पांच लाख लिटर पाणी! त्याआधीं मार्चांत लातुरांतल्या पाण्याच्या टाक्यांभोंवतीं जमावबंदीचा हुकूम लागला होता. आमचे थोरले बंधु, ज्यांना घरांत सारे दादा म्हणतात, गंजगोलाईच्या जवळच राहतात. जगदंबेचें देऊळ मध्यें ठेवून चोहों बाजूंस रस्ते सोडणारी ती गोल बाजारपेठ एरवीं सदा गजबजलेली. त्या उन्हाळ्यांत मात्र तेथील प्रत्येक रस्त्यावर घागरींचीच गर्दी दिसे. घरांतल्या बादल्यांस कुलूप लावावयाचें तेवढें राहिलें होतें. दादांची थोरली कन्या शिक्षणासाठीं नांदेडास आमच्याकडे राहत असे. सुटी लागली तरी दादांनीं तिला बोलावलें नाहीं. "तिकडेच राहूं दे, निदान पाणी तरी आहे," असा त्यांचा निरोप आला. वस्तुतः आमच्या गोदावरींतहि त्या वर्षीं पाण्यापेक्षां वाळूच अधिक होती. पण नळाला धार येत असे, आणि लातूरकरांच्या दृष्टीनें तें ऐश्वर्यच होतें.

अशा त्या कोरड्या उन्हाळ्यांत हें गाणें आलें. पुतणीनें आम्हांला अक्षरशः हाताला धरून चित्रपटगृहांत नेलें. चित्रपट म्हटला कीं आम्ही पंख्याखालची खुर्ची शोधून डुलकी घेणारे गृहस्थ; परंतु त्या दिवशीं डुलकी कसली! तो ठेका सुरू होतांच समोरच्या रांगा उठल्या, मागच्या उठल्या, आणि पडद्यापुढील मोकळ्या जागेंत शे-पन्नास तरुण घामाघूम होऊन नाचूं लागले. कोणी शेतांतून आलेले, कोणी गॅरेजमधून, कोणी वसतिगृहांतून. पडद्यावर काय चाललें आहे हें पाहण्याची त्यांना गरज नव्हती, कारण पडदाच जणूं त्यांच्याकडे पाहत होता. आमच्या शेजारची मुलगी, म्हणजे आमची पुतणीच, खुर्चीवर उभी राहिली होती. आम्हीं तिला खालीं बस म्हणून खूण केली. तिनें ती पाहिली नसल्याचें दाखविलें. अशीच दृश्यें त्या उन्हाळ्यांत ठिकठिकाणच्या चित्रपटगृहांत दिसलीं. शंभर कोटींच्या वर उत्पन्न करणारा हा पहिला मराठी चित्रपट ठरला, त्या उत्पन्नांत या ठेक्याचा वांटा लहान नसावा.

अजय आणि अतुल गोगावले या बंधूंनीं हें गाणें लिहिलें, त्याला चाल लावली, आणि तेंच दोघांनीं गाइलें. या चित्रपटाच्या संगीतासाठीं त्यांनीं थेट अमेरिकेंत, लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर, पाश्चात्य वाद्यवृंद वाजवून घेतला. परंतु 'झिंगाट'चा प्राण त्या वाद्यवृंदांत नाहीं. तो आपल्या रस्त्यांतला आहे. गांवच्या जत्रेंत, गणपतीच्या विसर्जनांत, लग्नाच्या मिरवणुकींत जो ताल कानावर पडतांच पायांस आपोआप हालचाल सुटते, तोच ताल आधुनिक यंत्रांच्या जोरावर त्यांनीं दसपट केला. शब्दहि शहरांतले नव्हेत. सैराट म्हणजे मोकाट, बेभान. आणि झिंगाट म्हणजे ज्याला झिंग चढली आहे तो. पुढें कानडी आणि हिंदी रूपांतरांत हें गाणें भाषा बदलून गेलें. परंतु उदगीरकडील आमचे कानडी बोलणारे नातलगहि लग्नांत मराठीच लावतात. झिंग भाषांतरांत उतरते, असें त्यांना वाटत नसावें.

आतां गाण्याच्या चित्राविषयीं. नागराज मंजुळे यांनीं हें गाणें जेथें ठेविलें आहे, ती जागा विचार करण्यासारखी आहे. पाटलाच्या घरीं धाकट्या मुलाचा वाढदिवस आहे. दिवे लागले आहेत, गांव जमला आहे. पाटलाची मुलगी आर्ची आपल्या घरच्यांत नाचते आहे. मासेमारी करणाऱ्या घरांतला परशा आपल्या मित्रांत नाचतो आहे. दोघे एकमेकांसाठीं नाचत आहेत, पण एकमेकांबरोबर नाहीं. जोंवर गाणें चालू आहे तोंवर त्या मुलाला पाटलाच्या अंगणांत मज्जाव नाहीं. उलट तो जितका नाचेल तितकी समारंभाची शोभा वाढते. गाणें संपतें, आणि त्याच रात्रीं, त्याच घराच्या मागच्या बाजूस, तीं दोघें पकडलीं जातात. अंगण आणि उंबरठा यांमध्यें चार पावलांचें अंतर असतें. त्या अंतरावर सारा चित्रपट उभा आहे. पुढें तीं दोघें हैदराबादेस पळून जातात, संसार मांडतात, मूल होतें. आणि शेवटीं माहेरचीं माणसें भेटवस्तु घेऊन येतात व दोघांचा जीव घेऊन जातात. त्या शेवटाला गाणें नाहीं, वाद्य नाहीं, कांहींच नाहीं. ज्या चित्रपटगृहांत तासाभरापूर्वीं कान फुटत होते, तेथें आम्हांला पंख्याची घरघर ऐकूं आली.

बाहेर पडल्यावर पुतणी बराच वेळ बोलली नाहीं. मग एकाएकीं म्हणाली, "काका, आंत नाचले ते सगळे आतां घरी जाऊन काय करतील?"

आम्ही म्हणालों, "आधीं कुल्फी खातील. चल, आपणहि खाऊं."

त्या वेळीं आम्हांला आपल्या हजरजबाबीपणाचें कौतुक वाटलें होतें.

तीन वर्षांनीं, २०१९ सालीं, तिनें आम्हांला सांगितलें कीं पुण्यास तिच्याबरोबर काम करणाऱ्या एका तरुणाशीं तिला लग्न करावयाचें आहे. त्याची जात आम्ही येथें लिहीत नाहीं. ती वाचतांच वाचक दादांच्या बाजूनें किंवा दादांच्या विरुद्ध निकाल देतील, आणि आम्हांला निकाल आमच्याविषयीं हवा आहे. दादांनीं स्पष्ट नाहीं म्हटलें, तिचें नांव घरांत घ्यावयाचें नाहीं असें फर्मावलें, आणि आपल्या खोलीचें दार लावून घेतलें. त्यांची बाजू चुकीची असेल, पण ती बाजू होती. आम्हीं काय केलें? आम्ही तटस्थ राहिलों.

तटस्थपणा हा आमच्या घराण्याचा कुलाचारच आहे. १९७८ सालीं विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला, तेव्हां आम्ही शाळेंत होतों. खेड्यांतल्या दलित वस्त्या जाळल्याच्या वार्ता दबक्या आवाजांत घरीं येत, आणि आमचे वडील म्हणत, "आपण कोणाच्या अध्यांत नाहीं, मध्यांत नाहीं." १९९४ सालीं विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें नांव जोडलें गेलें. आमच्या घरीं पेढेहि आले नाहींत आणि निषेधहि झाला नाहीं. अध्यांत-मध्यांत नसणें म्हणजेच सज्जनपणा, असें आम्ही लहानपणापासून मानीत आलों. जळणाऱ्या घराच्या शेजारीं उभें राहून जो अध्यांत-मध्यांत नसतो, तो कोणाच्या बाजूस असतो, हा प्रश्न आम्हांला कोणीं विचारला नाहीं, आणि आम्हींहि तो स्वतःला विचारला नाहीं.

पुतणीचें लग्न १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणें व्हावयाचें होतें. त्या कायद्यांत आधीं नोटीस द्यावी लागते. ती कचेरींत लावतात, आणि कोणास हरकत घ्यावयाची असेल तर तीस दिवसांची मुदत असते. लग्नाच्या वेळीं तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात. तिनें दूरध्वनीवरून कळविलें, "काका, दोन सह्या ठरल्या आहेत. तिसरी तुमची." आम्हांलाहि तीस दिवस मिळाले. आम्हीं हरकत घेतली नाहीं. मात्र लग्नाच्या दोन दिवस आधीं आमची प्रकृति बिघडली. प्रकृति सोयीच्या वेळीं बिघडावी, हें वय वाढल्याचें एक सुख आहे. तिसरी सही तिच्या वसतिगृहांतल्या मैत्रिणीनें केली. पुतणीनें आम्हांला दोष दिला नाहीं. ताप उतरला का, एवढेंच विचारलें.

गेल्या वर्षीं माघांत दादांच्या धाकट्या मुलाचें लग्न लातुरास झालें. मुलगी जातींतली, पत्रिका जुळलेली, सर्व कांहीं यथासांग. आमच्याकडे लग्नाआधीं नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या दर्शनास जातो, त्याला परण्या म्हणतात. पूर्वीं परण्याला हलगी असे, मग बँड आला. आतां एका वाहनावर भिंतीएवढे कर्णे रचलेले असतात. आम्ही शिरस्त्याप्रमाणें मागें, कर्ण्यांपासून सुरक्षित अंतरावर चाललों होतों. आणि तें गाणें लागलें.

नऊवारींतल्या आत्याबाई नाचूं लागल्या, जांवई नाचूं लागले, आणि आम्ही पाहतों तों काय, आमचे दादा, सत्तरीकडे झुकलेले, गुडघ्यांचें दुखणें असलेले, फेट्याचा शेमला सांवरीत, दोन्ही हात वर करून नाचत होते! ज्यांना आम्हीं उभ्या आयुष्यांत भजनांत टाळ धरतांनाहि डोलतांना पाहिलें नव्हतें, ते नाचत होते. लोक शिट्या घालीत होते. आमच्या मनांत जें आलें तें सांगावयास लाज वाटते: आम्हांला त्यांचा राग आला. याच गाण्यावर नाचावयाचें, आणि या गाण्याचा शेवट ठाऊक असून नाचावयाचें! चित्रपटगृहाबाहेर विचारलेल्या त्या प्रश्नाचें उत्तर आमच्या डोळ्यांसमोर फेटा बांधून नाचत होतें, असें आम्हांला वाटलें.

गाणें संपण्याआधींच दादा धापा टाकीत आमच्याकडे आले, आमच्या खांद्याचा आधार घेतला, आणि कानाशीं तोंड आणून म्हणाले, "ती असती तर तिनं आज रस्ता अडवला असता. हे गाणं तिचं होतं."

"काय म्हणालात?" आम्हीं विचारलें. आम्हांला नीट ऐकूं आलें होतें.

"काही नाही. पाणी कुठाय, बघ."

आम्हीं पाणी आणून दिलें. तें पितांना त्यांचा हात कांपत होता; नाचण्यानेंहि कांपत असेल.

त्या रात्रीं आम्हांला झोप आली नाहीं, आणि त्याचा दोष या वेळीं कर्ण्यांस देतां येईना. दादांनीं दार लावलें खरें, पण दाराच्या आंतून ते सहा वर्षें कान देऊन उभे होते. दार वाजविणारें मात्र कोणी नव्हतें. तें काम आमचें होतें. मुलगी आमच्या घरांत वाढलेली, भाऊ आमचा. दोघांमधल्या चार पावलांत उभें राहण्यास आमच्याखेरीज दुसरें कोण होतें? आणि आम्ही तेथें नव्हतों, कारण आम्ही कोणाच्या अध्यांत-मध्यांत नव्हतों. नाचणाऱ्या माणसाला ढोंगी म्हणणें सोपें आहे. तो निदान अंगणापर्यंत आलेला असतो. आम्ही तर खिडकी लावून, उशी कानांवर घेऊन पडलेले.

चैत्रांत आम्ही न कळवितां पुण्याची गाडी धरली. पुतणीनें दार उघडलें आणि पहिला प्रश्न विचारला, "काका, प्रकृति बरी आहे ना?" तिला चार वर्षांची मुलगी आहे. संध्याकाळीं त्या मुलीनें आईच्या मोबाइलवर कोणतें गाणें लावलें, तें सांगावयास नको. ती वाटेंत उभी राहिली आणि आम्हींहि नाचल्याशिवाय आम्हांला स्वयंपाकघरांत जाऊं देईना. आम्ही नाचलों. कसे, तें विचारूं नये.

परत आल्यावर आम्हीं दादांना दूरध्वनि केला. उपदेश केला नाहीं, बाजू मांडली नाहीं. एवढेंच सांगितलें कीं पोरगी आईवर गेली आहे, रस्ता अडवते. पलीकडे बराच वेळ कांहीं आवाज आला नाहीं. मग दादा, ज्यांनीं त्या मार्गानें शंभर वेळां प्रवास केला असेल, ते म्हणाले, "लातूरची रात्रीची गाडी पुण्याला पहाटेच पोचते ना रे?"

आम्ही हो म्हणालों. कुल्फीचा विनोद या वेळीं केला नाहीं.