चाकांवरचे घर आणि छतातून मुरणारे पाणी

अमेरिकेत शिकागोच्या पूर्वेला, इंडियाना राज्यात एल्कहार्ट हे नदीकाठचे शहर आहे. स्वयंपाकघर, पलंग, न्हाणीघर सारे सामावून घेणाऱ्या गाड्या, ज्यांना तिकडे आर.व्ही. म्हणतात, त्यांतल्या बहुतेक याच परिसरात तयार होतात. इथल्या संग्रहालयात १९१३ सालची, मोटारीमागे ओढायची घरगाडीही जपून ठेवली आहे.

मुलाबाळांसह लांबच्या सफरीला अशी गाडी फार सोयीची. स्वयंपाक आपलाच, म्हणून हलालची काळजी नाही. नमाजची वेळ झाली की मुसल्ला पसरायला जागा आहे. नवी गाडी महाग पडते, म्हणून बरीच कुटुंबे साठवलेल्या पैशांतून जुनी घेतात. तिथे खरा धोका पाण्याचा असतो.

वजन कमी राहावे म्हणून पुष्कळ गाड्यांच्या भिंती पातळ असतात. बाहेर फायबरग्लास, आत प्लायवूड, मध्ये थर्माकोलसारखा थर, आणि सारे चिकटवलेले. छतावरच्या झरोक्याभोवती, एसीभोवती, कोपऱ्यांत सांधे असतात. रस्त्यावरचे हादरे आणि ऊन यांनी ते उकलतात. हिवाळ्यात फटीतले पाणी गोठून फुगते आणि फट आणखी रुंदावते. पाणी आत उतरले की प्लायवूड कुजते, चिकटवलेले थर सुटतात आणि बाहेरची भिंत फुगते. डाग दिसतो एकीकडे, पाणी शिरलेले असते दुसरीकडे.

म्हणून डागावर रंग मारणे हा इलाज नव्हे. आधी वीज बंद करावी आणि पाणी शिरण्याची जागा शोधून बंद करावी. मग मास्क व हातमोजे घालून भिजलेला भाग उघडावा. ओला थर व कुजलेले लाकूड काढून टाकावे आणि पंखे लावून सांगाडा पूर्ण वाळवावा. २४ ते ४८ तासांत बुरशी धरू लागते. दम्याच्या रुग्णांना आणि लहान मुलांना तिचा त्रास लवकर होतो. आतून कोरडे झाल्याशिवाय नवे प्लायवूड बसवू नये. रबरी छतावर साधे सिलिकॉन नीट टिकत नाही. त्या छतासाठी बनवलेलेच सीलंट वापरावे आणि वर्षातून निदान दोनदा सांधे तपासावेत.

परदेशातल्या आपल्या कुणी जुनी गाडी घ्यायचे ठरवले, तर त्यांना एवढे जरूर सांगा: गादी उचलून पाहा, कपाटांचे कोपरे हुंगा, जमीन पायाने दाबून पाहा, ओल मोजायचे यंत्र भिंतींना लावा आणि शिडी लावून छत तपासा. पैसे त्यानंतर द्या.