रेषेबाहेरचा बचावपटू

फुटबॉलमधल्या बचावपटूविषयी बोलताना आमची भाषा नेहमीच तोकडी पडते. गोल करणाऱ्यासाठी विशेषणांची रास हाताशी असते. न झालेल्या गोलाचे वर्णन करावे कसे?

२१ जून २०२३ रोजी बंगळुरूला सॅफ स्पर्धेतला भारत-पाकिस्तान सामना आम्ही दूरचित्रवाणीवर पाहत होतो. पाकिस्तानचा खेळाडू थ्रो-इन घेणार, तोच भारताचे प्रशिक्षक इगोर स्टिमॅक यांनी त्याच्या हातातला चेंडू उडवला. रेड कार्ड! १९९८च्या विश्वचषकात तिसऱ्या आलेल्या क्रोएशियाचे हे बचावपटू. प्रतिस्पर्ध्याची चाल सुरू होण्याआधीच मोडायची, ही त्यांची जुनी सवय. मैदानात जे कसब, तेच रेषेबाहेर गुन्हा ठरले. आम्हांला आधी हसू आले. मग वाटले, खेळणे सोडून शिकवू लागलेला माणूस नेमके काय मागे ठेवतो, ते या एका हालचालीत उघडे पडले आहे.

पुढे कुवेतविरुद्धच्या साखळी सामन्यातही त्यांना रेड कार्ड मिळाले. उपान्त्य आणि अंतिम सामन्यात रेषेवर उभे राहिले सहायक प्रशिक्षक महेश गवळी. हे गोव्याचे, आणि तेही बचावपटूच. २००३ साली जकार्तात आसियान क्लब स्पर्धा जिंकणाऱ्या ईस्ट बंगालमध्ये ते होते. २०११च्या दोहा येथील आशियाई चषकाच्या भारतीय संघातही होते. त्या स्पर्धेत भारताने ३ सामन्यांत १३ गोल स्वीकारले.

बचावपटू मागून सारे मैदान पाहतो, सहकाऱ्यांना सतत सूचना देतो. म्हणून तो सहज प्रशिक्षक होतो, असे म्हणतात. आम्हांला हे अर्धेच पटते. खेळताना त्याच्या शब्दामागे त्याचा पाय उभा असतो. कुणी ऐकले नाही, तर स्वतः धावून जाता येते. रेषेबाहेर केवळ शब्द उरतात, आणि चूक घडताना दिसत असूनही हात आवरावा लागतो. (विद्यार्थ्यांच्या परीक्षेत पर्यवेक्षण करणाऱ्या आमच्यासारख्यांना हे वेगळे सांगायला नको.)

४ जुलैचा अंतिम सामना पुन्हा कुवेतशीच होता. १२० मिनिटांनंतर १-१. पेनल्टी शूटआउटमध्ये तर शब्दांनाही फारसे काम उरत नाही. खालिद हाजियाची किक गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधूने अडवली आणि भारत ५-४ असा जिंकला. हाच गुरप्रीत २०११ साली दोह्याच्या संघात गवळींबरोबर होता. तेव्हा तो १८ वर्षांचा, राखीव गोलरक्षक होता.